अनारसा हसतो, लेबकुखन रुसतं

मागच्या अंकात एका वाक्यात लिहून गेले होते, की आमच्या घरी डिसेंबरात चिवड्याच्या डब्याशेजारी जर्मन मसाला-बिस्किटांचा, म्हणजे लेबकुखनचा, डबा असतो. त्या एका वाक्यावर जितकी पत्रं आली, तितकी गोळाभातावर चार पानं लिहूनही आली नव्हती. म्हणून या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. आधी ओळख सांगते. मुलगा जर्मनीत आखेनला शिकायला होता, तेव्हा एक हिवाळा मी त्याच्याकडे काढला. खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहायच्या, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांना इंग्रजी येईना, मला जर्मन येईना. मधे होता तो वजनकाटा. जे शिकले ते त्या काट्याशेजारी उभं राहून.

प्रश्न : काकू, मी लेबकुखन केले. मध, दालचिनी, बदाम, सगळं मापाने घातलं. दुसऱ्या दिवशी असे दगड झाले, की नवऱ्याने एक दारात अडकण म्हणून लावून दाखवलं. काय चुकलं? (धंतोली)

उत्तर : तुमचं काही चुकलं नाही, तुम्ही फक्त घाई केली. आणि नवऱ्याला म्हणावं, पंधरा दिवस थांबा, मग दारातून काढून तेच मागाल.

लेबकुखन हा मधाचा पदार्थ आहे. भट्टीतून काढला की मऊ असतो, गार झाला की कडक होतो आणि डब्यात ठेवला की हळूहळू पुन्हा मऊ पडतो, कारण मध हवेतली ओल ओढून घेतो. आता आपल्या नागपूरच्या डिसेंबरात हवेत ओल असते का? ओठ फुटतात, तिथे बिस्किटाला कुठून मिळणार! म्हणून डब्यात सफरचंदाची एक फोड ठेवायची. सालासकट, छोट्या वाटीत, बिस्किटांना टेकू न देता. दर दोन दिवसांनी बदलायची, नाहीतर बुरशी धरते. आठवड्यात फरक कळतो. सफरचंद नसेल तर संत्र्याची साल ठेवा, वासही छान लागतो, पण तिच्यावर बुरशी लवकर येते. रोज बघावं लागतं.

दुसरं म्हणजे तुम्ही बहुतेक जास्त भाजलं. कडा रंगल्या आणि मधे बोट लावल्यावर खळगा पडला, की काढायचं. आपल्याला नानकटाईची सवय असते. खुटखुटीत झाली की मगच काढायची, हे हाताला इतकं बसलेलं असतं, की लेबकुखन मऊ दिसतं तेव्हा जीव राहत नाही आणि आपण त्याला आणखी पाच मिनिटं देतो. त्या पाच मिनिटांत ते रुसतं.

आता तिसरी गोष्ट, माझ्या मते सगळ्यात मोठी. पीठ मुरवलं होतं का? तुम्ही पत्रात लिहिलं आहे, ‘अर्धा तास झाकून ठेवलं.’ अहो, अर्ध्या तासात पोळीची कणीक होते! जुन्या पद्धतीत मध आणि पीठ नुसतं कालवून थंड जागी आठवडेच्या आठवडे, कुठे कुठे महिनेसुद्धा ठेवतात. मसाला आणि फुगवायचं द्रव्य भाजायच्या आदल्या दिवशी मळून घालतात. मुरताना पीठ किंचित आंबट होतं, त्या आंबटपणावर फुगवणाऱ्या द्रव्याचं काम चालतं, आणि चवही खोल होते. घरमालकीणबाईंनी मला तळघरातलं मातीचं भांडं उघडून दाखवलं. त्यांनी ते ऑक्टोबरात भरलं होतं. मी झाकण काढून वास घेतला आणि माझ्या तोंडून मराठीतच निघालं, ‘हे तर अनारशाचं पीठ!’

तुमच्या आईने किंवा आजीने अनारसे केलेच असतील. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, कुटायचे, गुळात कालवायचे आणि गोळा डब्यात दडपून विसरून जायचं. ताजं पीठ तुपात सोडलं की अनारसा हसतो, म्हणजे विरघळून कढईभर पसरतो. मुरलेलं पीठ जाळी धरतं. लेबकुखन हसत नाही, एवढाच फरक. याचं सगळं रुसण्यावर असतं. बाकी नियम तोच. माझं साधं माप असं :

मध २५० ग्रॅम, गूळ किंवा साखर १०० ग्रॅम आणि लोणी ५० ग्रॅम हे मंद आचेवर नुसतं विरघळवायचं, उकळू द्यायचं नाही. कोमट झालं की ४०० ग्रॅम पीठ घालायचं, अर्धा मैदा, अर्धी कणीक. चिकट गोळा होतो, घाबरू नका. झाकून किमान तीन दिवस ठेवा, जमलं तर पंधरा. डिसेंबरात ओट्याच्या कोपऱ्यात चालतं, एरवी फ्रिजमध्ये. मग मसाला १५ ग्रॅम, कोको २ चमचे आणि २ चमचे दुधात कालवलेला पाऊण चमचा खायचा सोडा घालून चांगलं मळा. गोळा दगडासारखा वाटेल, पण हाताच्या उबेने सैल येतो. पुन्हा एक रात्र. दुसऱ्या दिवशी पाऊण सेंटिमीटर जाड लाटायचं, कापायचं, १८० अंशावर १० ते १२ मिनिटं.

आणि दाराला लावलेलं ते एक बिस्कीट टाकू नका. ऱ्हाईनकडच्या भागात आंबट मुरवलेलं मांस शिजवतात, झाउअरब्राटेन म्हणतात त्याला. त्याचा रस्सा दाट करायला कडक लेबकुखन नाहीतर प्रिंटेन, म्हणजे आखेनचं लेबकुखन, कुस्करून घालतात. आमच्याकडे मी दोन कुटून पाटोडीच्या रश्शात घातले होते. बोटं कोणी चाटली नाहीत, पण ओरडलंही नाही कोणी. झणझणीत रश्शाला मागून दालचिनीचा गोडवा येतो. मला आवडला.

प्रश्न : लेबकुखनचा तयार मसाला इथे मिळत नाही. घरचा गरम मसाला चालेल का? आमच्याकडे सावजीचा मसालाही आहे. (महाल)

उत्तर : सावजी नको! त्यात मिरची आणि खसखस, बिस्कीट खाऊन पाणी मागाल. घरच्या गरम मसाल्यात जिरं नसेल तरच विचार करा, आणि आपल्याकडे जिरं नसतं असं होत नाही. नुसतं दगडफूल असलं तरी वास बिघडतो.

मसाला घरीच करायचा, दहा मिनिटांचं काम आहे. दालचिनी ३० ग्रॅम, लवंग ८, धणे ५, हिरव्या वेलदोड्याचे दाणे ५, सुंठ ५, ऑलस्पाइस ५, बडीशेप किंवा चक्रीफूल ४, जायपत्री ३, जायफळ ३. भाजायचं नाही. आपला हात आपोआप कढईकडे जातो, त्याला आवरा. कोरडंच कुटून बारीक चाळणीने चाळायचं. धणे बघून हसू नका, गोड पदार्थात धणे म्हणजे काय हे खाल्ल्यावरच कळतं.

घोळ आहे तो ऑलस्पाइसचा. इतवारीत, मस्कासाथेत कबाबचिनी मागितली की एक दुकानदार एक देतो, दुसरा दुसरं. एकाच नावाखाली दोन वेगळी फळं विकली जातात. एक आपलं जुनं कंकोळ, आयुर्वेदातलं. त्याच्या मिरीसारख्या दाण्याला बारीक शेपूट असते आणि चव कडवट, जिभेला गार लागणारी. दुसरं जमैकाकडचं, मोठं, गुळगुळीत, शेपूट नसलेलं, चुरगळलं की लवंग-दालचिनी-जायफळाचा एकत्र वास येणारं. आपल्याला हे दुसरं हवं. मी पहिल्या वर्षी पुडी न उघडताच घरी आणली आणि सगळी बिस्किटं कापूर घातल्यासारखी झाली. तेव्हापासून पुडी दुकानातच उघडते, एक दाणा दाताखाली घेते. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे. मिळालंच नाही तर ऑलस्पाइस गाळा, लवंग दोन ग्रॅम वाढवा.

दालचिनीबद्दलही एक. बाजारात सरसकट मिळते ती जाड, कडक, लाकडासारखी साल म्हणजे कॅसिया. श्रीलंकेची दालचिनी पातळ असते, चिरूटासारखे अनेक पदर एकात एक गुंडाळलेली, बोटाने मोडते. कॅसियात कुमारिन नावाचं द्रव्य जास्त असतं आणि ते फार पोटात गेलं तर यकृताला बाधू शकतं. जर्मनीत २००६ साली नाताळच्या दालचिनी-चांदण्यांवरून (चांदणीच्या आकाराची बिस्किटं) यावर बराच गदारोळ झाला होता. आठवड्यात चार बिस्किटांनी काही होत नाही, पण घरात लहान मुलं डब्यावर बसून असतील तर श्रीलंकेची आणा. महाग आहे, हे खरं.

याच पत्रात तुम्ही विचारलं आहे, की ‘फेफरकुखन’ म्हणजे मिरीचा केक, मग कृतीत मिरी का नाही? जुन्या काळी तिकडे दूरदेशाहून आलेल्या कुठल्याही मसाल्याला ‘फेफर’, म्हणजे मिरीच म्हणत. नाव राहिलं, मिरी गेली. ‘फेफरन्युसं’ नावाच्या छोट्या गोल बिस्किटांत मात्र आजही बरेच जण चिमूटभर पांढरी मिरी घालतात.

प्रश्न : कृतीत ‘हिर्शहोर्नझाल्त्स’ लिहिलंय. शोधलं तर अर्थ ‘हरणाच्या शिंगाचं मीठ’ निघाला. आम्ही शाकाहारी आहोत, सासूबाई ऐकूनच उठून गेल्या. (वर्धा)

उत्तर : सासूबाईंना परत बोलवा. पूर्वी ते खरंच शिंगं जाळून काढत, नाव तिथून आलं. आज ते कारखान्यात होतं, हरणाचा काही संबंध नाही. आपल्याकडे बिस्किटं करणारे बेकरीवाले ज्याला नुसतं ‘अमोनिया’ म्हणतात, तेच हे.

पण वापरायचं तर जपून. तापलं की त्याचा सगळा वायू होतो, मागे काही उरत नाही, म्हणून बिस्कीट हलकं आणि कुरकुरीत होतं. तो वायू पूर्ण निघून जायला बिस्कीट पातळ हवं. जाड लेबकुखनात घातलं तर अमोनिया आतच अडकतो आणि घास घेताना नाकात जातो. भाजतानाही वास येतो, आणि कसा येतो! आमच्या शेजारच्या वहिनींनी बेल वाजवून विचारलं होतं, ‘काहो, फिनाइल सांडलं काय?’ खिडक्या उघडा, कच्चं पीठ चाखू नका आणि डबी घट्ट लावून ठेवा, नाहीतर महिन्याभरात डबी रिकामी. जाड बिस्किटांना खायचा सोडा पुरतो.

प्रश्न : अंड्याशिवाय काय काय होईल? (मनीषनगर)

उत्तर : वर दिलेलं मधाचं लेबकुखन होतं, त्यात अंडं नाहीच. प्रिंटेन होतात. श्पेकुलाटियुस नावाचं पातळ मसाला-बिस्कीट होतं. दालचिनीच्या चांदण्या होत नाहीत, त्या अंड्याच्या पांढऱ्या बलकावर उभ्या असतात. अंडी आणि बदाम-अक्रोडाचं एलिझेन-लेबकुखनही नाही. लोक केळं, जवस घालून करतात, चांगलंही लागत असेल, पण मग त्याला वेगळं नाव द्या.

श्पेकुलाटियुसचं माप : मैदा २५०, लोणी १२५, पिठीसाखर १२५, बदामाची भरड ५० ग्रॅम, बेकिंग पावडर १ चमचा, मसाला २ चमचे, लागेल तसं २-३ चमचे दूध. दोन तास फ्रिजमध्ये. हे पातळ आणि कुरकुरीत असतं, १८० अंशावर १० मिनिटं. इथे सफरचंदाची फोड बिलकुल नको!

तिकडे ते लाकडी साच्यात दाबतात. गिरणी, जहाज, दाढीवाला संत निकोलस, असं काय काय उमटतं. माझ्याकडे माहेरचा गाठ्यांचा लाकडी साचा होता, होळी-पाडव्याला साखरेच्या गाठ्या पाडायचा. त्याची एक फळी घेतली, तांदळाची पिठी भुरभुरली, गार पीठ दाबलं, वर उरलेलं सुरीने कापून साचा ओट्यावर आपटला. पाचातले तीन सुटले. बदामाच्या कापांवर ठेवून भाजले. संत निकोलसऐवजी आमच्याकडे चक्रं आणि फुलं असतात.

प्रश्न : नागपुरी संत्र्याच्या सालीचा पाक करून घातला तर? आमच्या काटोलच्या बागेत सालींचा ढीग पडतो. (काटोल)

उत्तर : घालाच! हा प्रश्न येईल म्हणून मी वाट पाहत होते.

तिकडे लेबकुखनात दोन मुरवलेल्या साली पडतात. एक कडू संत्र्याची, जाड आणि पांढऱ्या गराची. दुसरी महाळुंगाची. आपलं संत्रं सैल सालीचं, साल पातळ आणि तेलाने भरलेली. म्हणून पाकात फार वेळ ठेवली तर चामडं होते. मी अशी करते : आंबिया बहाराचं फळ घ्यायचं, डिसेंबरात तेच येतं. फळ कोमट पाण्यात मीठ घालून घासून धुवायचं. सालीच्या आतले धागे चमच्याने खरवडायचे. काडीएवढे तुकडे करून तीन वेळा उकळायचे, दर वेळी पाणी फेकायचं. दोनदाच फेकलं तर कडू राहतं, चौथ्यांदा फेकलं तर संत्रंच जातं. मग सालींच्या वजनाइतकी साखर, साली बुडतील इतकं पाणी, मंद आच. तुकडे काचेसारखे दिसायला लागले की गॅस बंद. आमच्या गॅसवर वीस-बावीस मिनिटं लागतात. रात्रभर पाकातच ठेवून दुसऱ्या दिवशी चाळणीवर पसरायचे. उन्हात नको, सावलीत.

या साली घालून मी एलिझेन-लेबकुखन करते. ते जर्मनीतल्या न्यूर्नबर्ग शहराचं, सगळ्यात वरच्या दर्जाचं. जर्मन नियमाप्रमाणे त्यात बदाम, हेझलनट किंवा अक्रोड मिळून कमीत कमी २५ टक्के हवेत आणि पीठ १० टक्क्यांच्या वर चालत नाही. घरी करताना पीठ मुळीच घालायचं नाही. दोन अंडी आणि १२५ ग्रॅम साखर फेसायची, त्यात बदाम-अक्रोडाची भरड २०० ग्रॅम, साली बारीक चिरून ७५ ग्रॅम, मसाला १ मोठा चमचा. तिकडे हे पातळ पांढऱ्या पापुद्र्यावर, ओब्लाटवर थापतात. चर्चमध्ये प्रसादाला देतात तसलाच पापुद्रा तो. इथे केकच्या सामानाच्या दुकानात खायचा वेफर कागद मिळतो, तो गोल कापून घ्या. थापून तासभर तरी उघडं सुकू द्या आणि १५० अंशावर २०-२५ मिनिटं भाजा.

हेझलनटचा भाव ऐकून मी एकदा चारोळी घालून पाहिली. तेल सुटलं, बसकं झालं. चारोळी बासुंदीतच बरी.

न्यूर्नबर्गचंच नाव का, असंही तुम्ही विचारलंय. गावाभोवती मोठं जंगल, त्यात मधमाश्या, आणि व्हेनिसहून येणाऱ्या मसाल्याच्या व्यापाराच्या वाटेवर गाव. मध दारात, लवंग-दालचिनी वाटेवर. तिथल्या लेबकुखनवाल्याचा लेखी उल्लेख १३९५ सालापासूनचा आहे आणि १६४३ साली त्यांनी आपला स्वतंत्र संघ केला. १९९६ पासून ‘न्यूर्नबर्गर लेबकुखन’ हे नाव युरोपात कायद्याने राखीव आहे, त्या शहराबाहेर केलेल्याला ते लावता येत नाही. आपल्या नागपुरी संत्र्याला तसंच भौगोलिक मानांकन २०१४ साली मिळालं. म्हणजे तुमचं लेबकुखन न्यूर्नबर्गचं म्हणता येणार नाही, पण आतली साल हक्काने नागपूरची!

प्रश्न : ओव्हन नाही. कुकरमध्ये होईल? (हिंगणघाट)

उत्तर : जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून, त्यावर स्टँड, स्टँडवर ताटली. मीठ आधी पंधरा मिनिटं तापवा. मधाचं लेबकुखन होतं, खालून जास्त लागतं म्हणून ताटलीखाली दुसरी ताटली ठेवा. श्पेकुलाटियुसच्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : मध महाग. काकवी चालेल का? (अमरावती)

उत्तर : प्रिंटेनला चालते, नव्हे शोभते. प्रिंटेन हे आखेनचं लेबकुखन. पूर्वी मधात व्हायचं, पुढे बीटच्या काळ्या पाकात करायला लागले. तो पाक मी पहिल्यांदा पावावर चाखला तेव्हा मला काकवीच वाटली. किंचित मातकट, बाकी तीच. वरच्या मापातला सगळा मध काढून काकवी घाला, काकवी पातळ असेल तर पीठ मूठभर वाढवा, आणि मळताना खडीसाखरेचे बारीक खडे घाला. तिकडे तसेच घालतात, दाताखाली कडकन फुटतात. लांब पट्ट्या कापायच्या. आणि मधाचं असो की काकवीचं, मुरवणं चुकत नाही. मधाचं बिस्कीट मात्र वर्षाच्या आतल्या बाळाच्या हाती देऊ नका. त्या वयात मध चालत नाही.

प्रश्न : माझं वय ७४, वरची कवळी आहे. यातलं मला काय खाता येईल? (अजनी)

उत्तर : काका, एलिझेन खा, ते पेढ्याइतकं मऊ असतं. प्रिंटेन कडक असताना हातही लावू नका.

आमच्या सासूबाईंना मात्र प्रिंटेनच हवं असायचं. मी पहिल्यांदा केले तेव्हा त्यांनी एक चावून पाहिलं, काढून बशीत ठेवलं आणि म्हणाल्या, ‘हे काय करून ठेवलं वो?’ मग संध्याकाळी खारीसारखं चहात बुडवून पाहिलं. किती वेळ बुडवायचं याचं माप त्यांनीच काढलं. दहा आकडे मोजायचे. आठवर आतून टणक राहतं, बारावर तुटून कपाच्या तळाशी जातं आणि खडीसाखरेचे खडे चमच्याने शोधावे लागतात.